वादळात धावलेली पोरं नंतर जातात कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. विचारणारे गृहस्थ दापोली तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे ग्रामपंचायत सदस्य आहेत. चार वाड्या आणि एक मोहल्ला असं गाव. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा गावातली पोरं चार-पाच दिवस जीव तोडून राबली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा त्यातली निम्मीच आली. आणि आता पावसाळ्याआधी मीटिंग लावली तर चार पोरं हजर, त्यातली दोन सदस्यांच्याच घरातली. "हल्लीच्या पोरांना गावाचं काही पडलेलं नाही, सगळी मोबाईलमध्ये, संकटाच्या वेळी तरी यांना गावाच्या कामात कसं ओढायचं?" असं ते विचारतायत.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो, बारा-तेरा वर्षं एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) बघितलं, त्या निमित्ताने निसर्गनंतर मंडणगड-दापोलीकडे आणि २०२१ ला चिपळूणच्या पुरानंतर पोरं घेऊन गेलो. आणि त्याच्याही आधी, जुलै २००५ ला मी एसवायला होतो तेव्हा महाडच्या पुरात चिखल उपसायला गेलेलो, तिथून हे खूळ लागलं. त्यामुळे सांगतोय ते केलेलं सांगतोय, सगळं तुमच्या गावाला लागू पडेलच असं नाही, त्यावर पुढे येतो.

तर पहिलं म्हणजे तुमचाच प्रश्न परत एकदा वाचा. चार-पाच दिवस राबली असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा कोणी ओढलं होतं त्यांना? कोणीच नाही, आपणहून आली. म्हणजे पडलेलं नाही हे काही खरं नाही. खरा प्रश्न असा आहे की पाचव्या दिवशी गावात असं काय झालं की सहाव्या दिवशी पोरं आली नाहीत.

माझ्या बघण्यात सगळीकडे साधारण एकच होतं. पहिले तीन दिवस गावात कोणाचाच हुकूम चालत नाही. झाडं आडवी, रस्ता बंद, पोल पडलेले, ज्याच्या हातात कोयता तोच पुढारी. अठरा वर्षांचा पोरगा साठीच्या माणसाला "काका बाजूला व्हा" म्हणतो आणि काका होतात पण. चौथ्या-पाचव्या दिवशी रस्ता मोकळा होतो, मदतीचा पहिला टेम्पो येतो, तलाठी येतात, कोणीतरी पुढारी येतो, आणि देवळात बैठक बसते. खुर्च्या कोणाला? जे नेहमी बसतात त्यांना. यादी कोणी करायची, ताडपत्री आधी कोणाच्या छपराला, किट कुठल्या वाडीला किती, हे सगळं खुर्च्यांवर ठरतं, आणि पोरांना काम काय तर टेम्पो खाली करा आणि चहा आणा. पोरं भांडत नाहीत हो. त्यांना फक्त कळतं की आपण हमाल आहोत, आणि फुकटची हमाली किती दिवस करणार माणूस.

२००५ चं माझं स्वतःचं सांगतो. महाडात एका गल्लीत मी आणि माझा एक मित्र घराघरातून चिखल काढत होतो, आणि काढता काढता एक वही केली होती, कोणाकडे अंथरुणावरचं माणूस आहे, कोणाकडे तान्हं बाळ, कोणाची चूल पेटत नाहीये, कोणाच्या गोळ्या वाहून गेल्या. सातव्या दिवशी वाटपाच्या मीटिंगला ती वही घेऊन गेलो तर एकजण म्हणाले, "बाळा, वही ठेव तिथे आणि जरा पाण्याचे जार उतरवून घे." जार उतरवले. वही परत मिळाली नाही आणि ती कोणी उघडल्याचंही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेलो. कॉलेज बंद होतं, तरी गेलो.

म्हणून कुठल्याही गावात गेलो की मी आधी विचारतो, समाजमंदिराची किल्ली कोणाकडे असते? कारण दोर, घमेली, बॅटऱ्या, ताडपत्र्या, लाऊडस्पीकर सगळं त्या खोलीत असतं, आणि वादळाच्या रात्री किल्लीवाले काका नेमके मुंबईला मुलाकडे गेलेले असतात. हे मी दोनदा बघितलंय. एकदा तर कुलूप फोडलं आणि मग पुढची दोन वर्षं कुलूप कोणी फोडलं यावर गावकीत (गावाच्या पंचमंडळीत) वाद.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमच्या गावात बारा महिने राहणारी सोळा ते तीस वयाची पोरं-पोरी किती आहेत ते आधी खरंखरं मोजा. कोकणात निम्मी घरं कुलूपबंद असतात, मतदार यादीत नावं भरपूर असतात आणि वाडीत सहा जण असतात. सहाच असतील तर पंचवीस जणांचं दल वगैरे कागदावर बनवू नका, दोनच कामं निवडा आणि ती नीट होऊ द्या. लोटे किंवा दाभोळकडे कंपनीत शिफ्टला जाणारी पोरं असतील तर त्यांचे शिफ्टचे आठवडे माहीत पाहिजेत. मच्छीमार वस्ती असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्याला ओढलेल्या, म्हणजे दोराच्या गाठी आणि पाणी कळणारी पोरं नेमकी भर पावसात घरी असतात. आणि मुंबईवाली पोरं मे महिन्यात आणि गणपतीला येतात, तेवढेच त्यांचे दिवस. आपण जूनमध्ये मीटिंग लावतो आणि म्हणतो आली नाहीत. कशी येणार, सात तारखेला कॉलेज चालू झालं त्यांचं.

दुसरं, मीटिंग लावून तरुण गोळा करायचा नाद सोडा. ज्यांच्या मागे पोरं आधीच जातात ते कोण आहेत ते शोधा. आपल्याकडे हे शोधणं सोपं आहे, शिमग्यात बघायचं. पालखी नाचवताना खांदा कधी बदलायचा, दमलेल्याला बाहेर कोण काढतो, प्यायलेल्याला पालखीजवळ कोण येऊ देत नाही, हे कोणी लिहून दिलेलं नसतं, पण एक-दोन पोरं असतात त्यांच्या नुसत्या नजरेवर चालतं सगळं. तीच तुमची माणसं. नाहीतर नमन खेळणाऱ्या मंडळात ज्याच्याकडे सामानाची जबाबदारी असते तो, क्रिकेटची टुर्नामेंट भरवणारा, मोहल्ल्यात ईदच्या वेळी धावणारा. तुमच्या मुलाला पुढे करू नका, प्लीज. चांगला असेल तो, पण पोरं त्याच्याकडे सदस्याचा मुलगा म्हणूनच बघणार.

मग त्यांना काय द्यायचं, तर अख्खं काम द्यायचं. अख्खं म्हणजे त्यातले निर्णय आणि त्यातले पैसे सकट. हे मला मंडणगड तालुक्यातल्या एका वाडीत कळलं, तेच जरा सविस्तर सांगतो.

निसर्गनंतर आमच्या या भागात कित्येक गावांना तीन-तीन चार-चार आठवडे लाईट नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. वाडीत बावीला, म्हणजे विहिरीला, पाणी तुडुंब, पण काढायचं कसं? घरोघर मोटरी बसल्या तेव्हा रहाट काढून टाकलेले, आणि बऱ्याच घरांत दोरसुद्धा नव्हता. एका घराच्या माळ्यावर जुनी लाकडी कप्पी सापडली. पोरांनी ती खाली काढली, खोबरेल तेल ओतलं, बावीवर बांबू टाकून बांधली, आणि मग लक्षात आलं की कळशी बुडतच नाहीये. सोडली की पाण्यावर तरंगते. पाच-सहा पोरं, सगळी जिममधली, दोर हलवतायत आणि कळशी नुसती डुलतेय. बाजूला एक आज्जी बसलेल्या, बराच वेळ गंमत बघत होत्या, शेवटी उठून आल्या, दोर हातात घेतला, मनगटाला एक झटका दिला, कळशी आडवी झाली आणि गुडगुडत भरली. म्हणाल्या, "ताकदीचं काम नाय रे ते." त्या दिवशी पोरांनी आज्जींना बसवून ठेवलं आणि प्रत्येकाने शिकून घेतलं.

नंतर कोणीतरी मंडपवाल्याकडून जनरेटर आणला. आता एक जनरेटर, डिझेल मोजकं, आणि वाडीतले पन्नासेक फोन. कोणाचा आधी चार्ज करायचा? मोठी माणसं बसून यावर वाद घालायला लागली तेव्हा अकरावीतला एक पोरगा म्हणाला मी वही करतो. त्याने तीन ओळीचा नियम केला. घरात आजारी किंवा दिवस भरलेली बाई असेल तर आधी, ज्यांची पोरं मुंबईत आहेत आणि त्यांना बोलणं झालेलं नाही ते नंतर, बाकीचे त्याच्या मागे. अर्धा तास झाला की फोन निघणार. आणि त्याने सरपंचांच्या मुलाचा फोन मागे ठेवला. मी तिथेच उभा होतो, मला वाटलं आता वाजणार. सरपंच म्हणाले, "वहीत मागे आहे ना तुझं नाव, मग थांब." बस. त्यानंतर ती वही कोणी ओलांडली नाही. डिझेलचे पैसे तोच गोळा करायचा, तोच लिहायचा, आणि रोज संध्याकाळी देवळात हिशोब मोठ्याने वाचायचा, अकरा रुपयांचा फरक आला तर तोही वाचायचा. तो आज कंपनीत नोकरीला आहे, दोन शिफ्टमध्ये पिळून निघतो, पण जून लागला की मला फोन येतो, "सर, यंदा डिझेलचं काय?"

सरपंच त्या दिवशी वेगळं काही बोलले असते तर हा फोन आला नसता. यात पोरांची तयारी जेवढी लागते तेवढीच मोठ्यांची लागते, आणि खरं सांगू, मला मोठ्यांवरच जास्त मेहनत घ्यावी लागते.

तर कुठली कामं अख्खी देता येतात? पाणी हे एक. पुरानंतर किंवा वादळानंतर विहिरींत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकायचं काम ग्रामपंचायतीचं असतं, जलसुरक्षक असतो, पण तो एकटा आणि बावी चाळीस. बारावी सायन्सच्या पोरींना हे द्या. बावीचा व्यास मीटरमध्ये, वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ ने गुणून ४ ने भागा, १००० ने गुणलं की लिटर आले. पावडर किती ते आरोग्य सेवक सांगतात, ती बादलीत कालवून निवळू द्यायची, खालचा चुना टाकून वरचं पाणी बावीत सोडायचं, तासाभराने ओटी (क्लोरीन तपासायचं द्रावण) टाकून पिवळा रंग येतो का बघायचं. एवढं मे महिन्यात एकदा करून प्रत्येक बावीचे लिटर वहीत लिहून ठेवलेत तर पुराच्या दिवशी कोणाला डोकं चालवावं लागत नाही. आणि टीसीएलची पिशवी उघडी ठेवू नका, दमट हवेत तिचा जोर जातो, आमच्याकडे एकदा आख्खी गोणी अशीच वाया गेलेली.

दुसरं काम म्हणजे यादी, आणि इथे चिपळूणचं सांगतो. २२ जुलै २०२१, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे भरती चढती, वरून सह्याद्रीत ढग फुटल्यासारखा पाऊस, वाशिष्ठीचं पाणी समुद्रात जाणार कसं. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. आम्ही तिसऱ्या दिवशी पोचलो. मुंबई-पुण्याहून टेम्पोवर टेम्पो येत होते आणि सगळ्यात तांदूळ, पीठ, आणि जुने कपडे. आमच्यातली एक एफवायची पोरगी एका गल्लीत घरोघर फिरली आणि तासाभरात परत येऊन म्हणाली, "सर, तांदूळ ठेवायला कोरडी जागाच नाहीये कोणाकडे, प्रत्येक घरात चार-चार किट आलेत, गॅस चिखलात आहे." मग पाहिजे काय? खराटे, फावडी, बादल्या, गमबूट, सॅनिटरी पॅड, बायकांचे आतले कपडे, मेणबत्त्या, कोरडा खाऊ. आणि चिखल आजच काढायला माणसं, कारण तो गाळ एकदा सुकला की फावडं लागत नाही, पहारीने फोडावा लागतो. तिने तो मेसेज लिहिला, खाली तारीख आणि वेळ टाकली, आणि एकच फोन नंबर दिला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं, जुने कपडे पाठवू नका. आमच्यातल्याच एका ज्येष्ठांना ते उद्धट वाटलं, "देणाऱ्याला असं म्हणतात का?" मी म्हटलं जाऊ दे तसाच. संध्याकाळपर्यंत पुण्याहून दोनशे खराटे निघाले होते.

मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारी पोरं तुम्ही म्हणता ना, हे काम त्याच पोरांचं. पंचनाम्याचंही तसंच. आपल्याकडे माणसं वादळ गेलं की लगेच आवरायला घेतात, पडलेली पोफळ तोडून बाजूला करतात, अंगण झाडतात, आणि तलाठी, कृषी सहाय्यक येईपर्यंत सगळं चकाचक. मग नुकसान दाखवणार काय? घरटी दोन पोरं पाठवा, आवरायच्या आधी फोटो, घरमालक फोटोत दिसला पाहिजे, झाडं मोजून वाडीवार यादी, नारळ किती, पोफळ किती, आंबा-काजू किती, छपराचे पत्रे किती. आपल्या बागा गुंठ्यात आणि सरकारी हिशोब हेक्टरात, निसर्गच्या वेळी यावरून किती ओरड झाली ते तुम्ही बघितलंयच, म्हणून झाडांचा आकडा आपल्याकडे लेखी असलेला बरा. सातबारा, आधार, पासबुक यांचे फोटो आधीच काढून ठेवणं हेही पोरांना एका रविवारी सांगता येतं. म्हाताऱ्या माणसांचे कागद असतात ट्रंकेत तळाला, आणि ट्रंक असते जमिनीवर.

तिसरं काम निरोपाचं. नेटवर्क पहिल्या तासात जातं. प्रत्येक वाडीला दोन धावणारे ठरवून ठेवा, एक बाईकवाला आणि एक पायी पाखाडीने (दगडी पायवाटेने) उतरणारा, कारण बाईकचा रस्ता झाडं पडून बंद होतो. देवळाची घंटा आणि मशिदीचा भोंगा, कशाचा अर्थ काय ते आधीच ठरवा. भोंगा बॅटरीवर चालतो का तेही बघून ठेवा. आमच्या ओळखीच्या एका गावात हिंदू वाडीतल्या पोरांनी मशिदीत जाऊन भोंग्याला इन्व्हर्टर जोडून दिला आणि त्याच्या बदल्यात मोहल्ल्यातल्या पोरांनी साकव (छोटा पूल) वाहून गेला तेव्हा होडी दिली. एरवी ही पोरं फक्त क्रिकेटच्या मॅचला एकमेकांना भेटायची, तेही भांडायला.

आणि एक गोष्ट पोरांनी म्हाताऱ्यांकडून घ्यायची. भरतीचं गणित. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन, भरती साधारण तीनला. खाडीच्या आत थोडी उशिरा. जुन्या तांडेलांना (होडी चालवणाऱ्या म्होरक्यांना) हे झोपेत येतं, आपल्या पोरांकडे ॲप असतं आणि नेटवर्क गेलं की ते बंद. आम्ही एकदा हे शिकवायला एका तांडेल आजोबांना बोलावलं, ते तासभर बोलले आणि शेवटी पोरांनाच विचारायला लागले की ते सॅटेलाईटचं चित्र कसं बघायचं ते मला दाखवा. अर्धा-अर्धा तास करून दोघांचं शिक्षण झालं.

मुलींबद्दल वेगळं लिहितो कारण याच्यावर गाडी अडते. पोरी येत नाहीत असं नाही, पाठवत नाहीत. आणि आल्या की आपण त्यांना पोहे करायला बसवतो. एक, दोघी-दोघींच्या जोड्या आणि सोबत बचत गटातली एक बाई, घरच्यांना तिचा शब्द चालतो. दोन, वेळ सांगायची, आठ ते बारा म्हणजे बारा, साडेबाराला पोरगी घरी. तीन, जिथे काम तिथे बाथरूमची सोय आधी बघायची, याचा विचार पुरुष कधीच करत नाहीत, मीही पहिली चार वर्षं केला नव्हता, एका मुलीने तोंडावर सांगितलं तेव्हा कळलं. घरोघर जाऊन आजारी, बाळंतीण, पाळीची अडचण ही माहिती पोरगा काढूच शकत नाही, त्यामुळे यादीचं काम त्यांच्याकडेच जातं आणि जावं.

आता काय नाही द्यायचं. इथे मी अजिबात ऐकून घेत नाही. अठराच्या खालचं कोणी पाण्यात उतरणार नाही, कितीही पोहता येत असो. खाडीत पोहणारा पुराच्या पाण्यात टिकतो हा गैरसमज आहे, पुरात खाली वायर, पत्रे, कुंपणाच्या तारा असतात. पडलेल्या तारेला वायरमनने सांगितल्याशिवाय कोणी हात लावणार नाही, "लाईट गेलेलीच आहे" हे कारण चालणार नाही, कोणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा येऊ शकतो. दरड कोसळलेल्या जागी मातीवर चढायचं नाही, वरून दुसरी येते. चिखलात काम करताना पायाला जखम असेल तर घरी बसायचं, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, आणि त्यावरच्या डॉक्सीच्या गोळ्या पीएचसीमधून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) डॉक्टरांना विचारून, मेडिकलमधून आपल्या मनाने नाही. ज्यांना खरंच बचावाचं काम करायचंय त्यांनी आपदा मित्रचं ट्रेनिंग घ्यावं, जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडून असतं, बारा दिवसांचं, वय अठरा ते चाळीस. बाकीच्यांनी १०७७ (जिल्हा आपत्ती कक्ष) आणि ११२ (आणीबाणीचा नंबर) पाठ करावेत आणि डोंगर बघावा. डोंगर बघावा म्हणजे खरंच बघावा, उताराला नवीन भेग पडलीय का, झाडं किंवा पोल तिरके झालेत का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ यायला लागलं का. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली, ऐंशीच्या वर माणसं गेली. तुमच्या वरच्या वाडीच्या मागे उतार असेल तर अतिवृष्टीच्या दिवसांत रोज सकाळी दोन पोरांनी फेरी मारून वहीत लिहायचं, आणि काही वेगळं दिसलं तर वाडी खाली करण्याचा निर्णय रात्रीवर ढकलायचा नाही.

आत्तापर्यंतचं थोडक्यात: ज्यांच्या मागे पोरं जातात ती माणसं शोधा, दोन-तीन कामं अख्खी द्या, जीवावरची कामं देऊ नका, आणि हे सगळं मे महिन्यात करा.

पण हे सगळं करूनही फसतं, माझं फसलेलं आहे. एका गावात मी मोठ्या उत्साहाने मदतीच्या सामानाच्या खोलीची किल्लीच पोरांच्या हातात दिली. तिसऱ्या दिवशी तक्रार आली की ताडपत्र्या आधी मित्रांच्या घरांवर गेल्या. खरी होती तक्रार. मी चिडलो, सगळ्यांसमोर किल्ली काढून घेतली आणि गावातल्या एका मोठ्या माणसाकडे दिली. पोरं गेली ती गेलीच, आणि त्या मोठ्या माणसाने ताडपत्र्या कोणाला दिल्या ते विचारू नका. चूक माझी होती. वही न लावता किल्ली दिली होती, आणि चुकल्यावर वही लावायची सोडून किल्ली काढली. आता मी किल्ली दोघांकडे देतो, वेगवेगळ्या वाड्यांतल्या, आणि रोज संध्याकाळी हिशोब मोठ्याने वाचायचा. चुकलं तर तेच उभे राहून सांगतात आणि दुसऱ्या दिवशी किल्ली त्यांच्याकडेच असते.

पैशाचंही तसंच करा, गावकीतून पाच हजार काढून द्या त्यांच्या हातात, दोर, बॅटऱ्या, गमबूट त्यांनाच आणू दे. पाचशे रुपये वाया जातील कदाचित, जाऊ देत. आणि गावाच्या मुंबईतल्या मंडळाला सांगा की संकटाच्या वेळी गावात एकाच नंबरवर फोन करायचा, तो नंबर पोरांपैकी एकाचा. नाहीतर पन्नास चाकरमानी पन्नास जणांना फोन करतात, "आमच्या घराचे कौल बघ रे जरा", आणि अर्धी पोरं दिवसभर कुलूपबंद घरांचे फोटो काढत फिरतात. मुंबईतल्या पोरांना लांबून करण्यासारखं काम असतंच, कोविडमध्ये शाळेत क्वारंटाईन असलेल्या एका चाकरमानी पोराने आमच्या इथली अख्ख्या गावाची रेशनची यादी कॉम्प्युटरवर करून दिली होती, आणि तेव्हा त्याच गावात निम्मे लोक त्याला गावात घेऊ नका म्हणून बसले होते.

एक शेवटचं, जे कोणी विचारत नाही. आठवडा झाला की पोरं गप्प होतात. काही पितात. चिपळूणहून परत आल्यावर आमचा एक पोरगा पंधरा दिवस झोपला नव्हता, पाण्याचा नळ सोडला तरी दचकायचा, घरी कोणाला सांगितलं नाही कारण "एवढ्याने काय होतं" असं ऐकावं लागलं असतं. तेव्हापासून काम संपलं की मी सगळ्यांना एकत्र बसवतो, जेवण असतं, भाषण नसतं, हार नसतात, नुसतं प्रत्येकाने काय बघितलं ते सांगायचं, नसेल सांगायचं तर जेवायचं. चाळीस दिवसांनी परत एकदा. ज्याला जास्त त्रास होतोय त्याला टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ नंबर देतो, सरकारी आहे, फुकट आहे, आणि पहिला फोन मी बाजूला बसून लावून देतो. तुम्ही सत्कार वगैरे करणार असाल तर तो नंतर करा, आणि खुर्चीवर त्यांना बसवा, तुम्ही उभे रहा.

तुमच्या गावाचं नेमकं काय करायचं हे मी इथून नाही सांगू शकत. तीन गोष्टी कळवा, मग बोलू. बारा महिने राहणारी पोरं-पोरी किती, यंदा शिमग्यात पालखीला खांदा कोण-कोण होते, आणि समाजमंदिराची किल्ली आत्ता, या घडीला, कोणाच्या घरात कुठल्या खिळ्याला आहे.